डायनासोर माशाचे शेजारी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. लांबीला चार फूट, अंगावर बारीक ओरखडे, आणि डाव्या कोपऱ्यात सिलिकॉनचा जाड, ओबडधोबड पट्टा. रूपाने मी कधीच देखणी नव्हते, पण पाणी मात्र इमानाने धरून ठेवते.

सुरुवातीची वर्षे मी दातांच्या दवाखान्यात काढली. गाल धरून बसलेली माणसे माझ्याकडे बघून न बघितल्यासारखे करायची. पुढे माझा कोपरा गळू लागला. मग मला जिन्याखाली ढकलले आणि माझ्यात मोडके पंखे भरले. कितीतरी दिवस मी तशीच पडून होते. एकदा वायरिंगच्या कामाला आलेल्या इलेक्ट्रिशियनने मला पाहिले. "टाकूनच देणार असाल तर मी नेतो," तो म्हणाला. डॉक्टरांना तेच हवे होते.

त्याने मला घरी आणले, कोपरा खरवडून नव्याने सांधला आणि पाणी भरून गच्चीत ठेवले. थेंबही गळला नाही.

त्याचे घर दोन खोल्यांचे. नुकतेच त्याचे दुसरे लग्न झाले होते. त्याची मुलगी तेरा वर्षांची, नव्या बायकोची आठ वर्षांची. थोरलीची खोली आता दोघींची झाली होती, आणि थोरलीला ते मुळीच पसंत नव्हते. इलेक्ट्रिशियनने मला नेमके दोघींच्या खाटांच्या मध्ये ठेवले. मिळून काही सांभाळतील तर निदान एकमेकींशी बोलतील, असा त्याचा साधा हिशेब होता.

धाकटीला डायनासोरांचे भारी वेड. म्हणून देखावा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा ठरला. काळे खडबडीत दगड, वेडीवाकडी मुळे, नेच्याची झाडे. थोरली म्हणाली, "करा काय करायचं ते. मासे मात्र माझे." तिने निऑन टेट्रांचा थवा आणला. निळ्या-लाल रेघांचे ते इवलेसे मासे दगडांमधून सळसळले की मलाही माझा अभिमान वाटे.

धाकटीने बाजारातून एकच मासा आणला. बोटभर लांब, अंगावर चिलखतासारखे खवले, पाठीवर बारीक काट्यांची रांग. तो पुढच्या पंखांवर रेलून तळाशी बसायचा आणि मध्येच वर येऊन हवेचा घोट घ्यायचा. त्याला बिचिर म्हणतात, पण विकणाऱ्याने सांगितले होते, "डायनासोर मासा. कुणाबरोबरही ठेवा, बिनधास्त!"

बिचिर वाढला. निऑन कमी होऊ लागले. आज एक, उद्या दोन. मला सगळे दिसत होते, सांगता मात्र येत नव्हते. अखेर एका सकाळी थोरलीने उरलेले मासे मोजले आणि तिचा चेहरा लाल झाला.

"तुझ्या राक्षसाने माझे मासे गिळले!"

"ताई, तो मुद्दाम नाही करत गं."

"आधी माझी खोली, आता माझे मासे. अजून काय काय हवंय तुम्हाला?"

'तुला' नव्हे, 'तुम्हाला'. धाकटीची आई घड्या घातलेले कपडे घेऊन दारातच उभी होती. ती कपडे तसेच घेऊन मागे फिरली.

बिचिर रविवारी परत द्यायचा असे ठरले. धाकटीने हट्ट केला नाही, की ती रडली नाही. ती फक्त येता-जाता माझ्यासमोर उभी राहायची.

शुक्रवारी दुपारी घरात कोणी नव्हते. माझ्या झाकणात फिल्टरच्या वायरसाठी एक फट होती. बिचिरने त्या फटीत डोके घातले, अंग पिळवटले आणि तो धपकन जमिनीवर पडला. वळवळत खाटेखाली गेला. अंगाला धूळ चिकटली, आणि हळूहळू त्याची वळवळ थांबली.

थोरली शाळेतून आली. दप्तर टाकताना तिला तो दिसला. ती तशीच उभी राहिली. नुसती पाठ फिरवून ती बाहेर गेली असती तरी तिला कोणी दोष दिला नसता. कोणाला कळलेही नसते.

बिचिरने एकदा तोंड उघडले.

थोरली धावत मोरीत गेली, स्वतःचा टॉवेल भिजवून आणला, त्याला अलगद उचलले आणि माझ्यात सोडले. तो तळाशी आडवा पडला. ती गुडघ्यांवर बसून एकटक बघत राहिली. "अरे, हल ना," ती पुटपुटली. बऱ्याच वेळाने तो डुलत वर आला आणि त्याने हवेचा घोट घेतला. तेव्हा कुठे तिने बाबांची काळी चिकटपट्टी आणून फट बुजवली.

धाकटीने आल्या आल्या ओला टॉवेल पाहिला. "काय झालं?"

"फिरायला निघाले होते साहेब," थोरली म्हणाली. "परत बिरत नाही द्यायचा त्याला. पण शेजारी नीट निवडायला हवेत."

शनिवारी बाबांचा फोन घेऊन ती खाटेवर आडवी पडली आणि वाचून दाखवू लागली. "ऐक. त्याच्या तोंडात मावेल ते त्याचं जेवण."

"मग तोंडापेक्षा मोठे मासे आणू."

"मोठे, पण दांडगट नकोत. पंख कुरतडणारे नकोत. अधाशीही नकोत. ह्याला नीट दिसत नाही. वास काढत येईपर्यंत बाकीचे फडशा पाडतील."

धाकटीला 'गार' नावाचा सुसरीच्या तोंडाचा मासा हवा होता. थोरलीने त्याची लांबी वाचली. धाकटीने टेप आणून मला मोजले. गार मोठा झाला की माझ्यात त्याला वळताही आले नसते. तिने टेप गुंडाळून ठेवला.

"एक काच साफ करणारा मासा आणू," बाबांनी सुचवले.

"नको. तो बिचिरला चिकटून त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो."

"मग काच पुसायची कोणी?"

दोघींनी त्यांच्याकडे बोट दाखवले. तेव्हापासून मला बाबाच पुसतात, आणि झकास पुसतात.

शेवटी ताटलीसारखे गोल, शांत स्वभावाचे सिल्व्हर डॉलर आले; चांगले वाढलेले. एक दोरीमासाही आला, लांबलचक, बिचिरचा जणू चुलतभाऊच. सिल्व्हर डॉलरांनी नेच्यांचे शेंडे कुरतडले तेव्हा धाकटी म्हणाली, "डायनासोरसुद्धा झाडं खायचेच की!"

उरलेल्या निऑनांचे काय करावे, हा प्रश्न होताच. धाकटीची आई हळूच म्हणाली, "माझ्या ओट्याजवळ जागा आहे. छोटी टाकी आणा, मी बघते त्यांच्याकडे." थोरली रोज चारा घालायला तिकडे जाते. चारा घालायला असा कितीसा वेळ लागतो? पण तिचे आणि धाकटीच्या आईचे बोलणे मला इथे बराच वेळ ऐकू येते.

मित्रांनो, माझ्यातले मासे आता जाडजूड झाले आहेत आणि माझी काच ओरखड्यांनी धूसर होत चालली आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी टाकी येईल. दुकानात गेलात की पिशवीतला चिमुकला मासा तुम्हाला भुरळ घालेल. त्याला हो म्हणण्याआधी जरा थांबा. तो वाढून केवढा होतो, काय खातो आणि कोणाबरोबर सुखाने राहतो, हे विचारा. तो दिसतो कसा, हे अगदी शेवटी बघा. आमच्या पाण्यात कोण यावे हे आम्ही ठरवू शकत नाही. ते तुम्ही ठरवता.