पितळेची तार आणि विजेचा कान

मित्रांनो, मी एक जुना विजेचा कान आहे. मोडक्या टेलिफोनातलं लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं, एवढाच माझा देह. सोलापुरातल्या एका थेटरात बोलपटाचं यंत्र चालवणाऱ्या चनबसप्पानं मला घडवलं. टेलिफोनात दिवस गेल्यामुळे माणसांचं बोलणं मला समजतं. वाद्यांतलं मात्र पोलादाच्या तारेखेरीज मला काहीच ऐकू येत नाही. हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, अगदी मलासुद्धा!

मी जन्मलो तो दानम्मासाठी. मुके चित्रपट होते तोवर ती पडद्यापुढे बसून सतार वाजवायची. बोलपट आले आणि बिचारीची जागा गेली. घरी वाजवून तिचं मन भरेना. थेटराचे मालक महादेवप्पा म्हणाले, "दसऱ्याला खेळाच्या आधी वाजव. मागच्या बाकाला ऐकू गेलं तर रोज ये. न्हाय तर पुन्हा इचारू नगंस."

चनबसप्पानं मला सतारीच्या पहिल्या तारेखाली दोन स्क्रूंवर बसवलं आणि बोलपटाच्या कर्ण्याला जोडलं. दानम्मानं तार छेडली आणि पलीकडे कर्णा गरजला! मी हबकलोच. मग माझी सरकवासरकव सुरू झाली. तार टेकते त्या घोडीजवळ नेलं की आवाज टोचायचा, दूर नेलं की गोड व्हायचा. तारेच्या फार जवळ उचललं की मी तिला ओढायचो, आणि मोठा झालेला सूर डळमळायचा. शेवटी दानम्मानं तारेत आणि माझ्यात ज्वारीचा दाणा धरला. म्हणाली, "एवढंच अंतर ऱ्हाऊ दे." काय कौतुक झालं माझं! मी फुगून गेलो.

खंडेनवमीला सतारीची पूजा झाली. माझ्यावरही झेंडूचं फूल आलं. तेवढ्यात दानम्माची आत्या गुरम्मा पितळेची नवी तार घेऊन आली.

"सणासुदीला देवीपुढं लोखंड वाजवतीस व्हय? ही लाव की."

आत्याचा शब्द दानम्मानं कधी मोडला नव्हता. पहिली पोलादी तार काढून, सूर थोडा उतरवून, तिनं तिच्या जागी पितळेची चढवली.

दसऱ्याला थेटर गच्च भरलं. पडद्यापुढच्या मंचावर दानम्माची बोटं चालू लागली आणि माझ्या कानात नुसता शुकशुकाट! कर्णा मुका. मला काही सुचेना. मी मेलो की काय?

"आवाज कुटं हाय?" मागून ओरडा आणि हशा झाला. "बाई नुसती हात हालवती की!"

चनबसप्पा घामाघूम होऊन धावत आला. जवळ आणलं की आवाज वाढतो, एवढं त्याला पक्कं माहीत. त्यानं स्क्रू पिळत पिळत मला असं वर चढवलं की माझं नाक तारेला भिडलं. तार खडखडली आणि थांबली.

दानम्माचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं मला उपटून बाजूला ठेवलं, सतार उचलली, खाली उतरली आणि बाकांच्या मधोमध जमिनीवर बसली. तिची बोटं पुन्हा चालू लागली. हसणारी माणसं गप्प झाली. मागची उठून पुढे आली, तिच्याभोवती दाटीवाटीनं बसली. कुणी डोळे पुसत होतं. मी थक्क होऊन पाहत राहिलो. ही माणसं ऐकत होती तरी काय?

वाजवून झाल्यावर महादेवप्पांनी विचारलं, "मागच्या बाकाला ऐकू गेलं का?"

"मागच्या बाकावर हाय कोण, मालक?" चनबसप्पा म्हणाला.

महादेवप्पांनी वळून रिकामं बाक पाहिलं. "उद्या येळेवर ये, दानम्मा," एवढंच ते बोलले.

दानम्मा रोज येत राहिली. मी यंत्राच्या खोलीत, डब्यात पडलो. वेटोळं तुटलं, गंज चढला. मित्रांनो, जुन्या वस्तूंना असं विसरू नका. आणि आपल्याला ऐकू आलं नाही म्हणून कुणाला मुकं ठरवू नका. त्या दिवशी दानम्मानं काय वाजवलं ते साऱ्या थेटरानं ऐकलं. मला ते अजून माहीत नाही.