कांगासांची कोरी भिंत

वास्तुरचनाकारांच्या जिल्हा संघटनेने यंदाचा जीवनगौरव आइनो कांगास यांना जाहीर केला, आणि कांगासांनी तो जवळजवळ परत केला.

कारण पाटी. गौरवमूर्तीच्या सर्वांत चांगल्या इमारतीवर पितळी पाटी बसवायची, असा संघटनेचा रिवाज. कांगासांची सर्वांत चांगली इमारत म्हणजे सरोवराकाठच्या पाइन हार्बर गावचं ग्रंथालय, आणि ग्रंथालयात बघण्यासारखं काय, तर दर्शनी दालनातली विटांची उंच भिंत. तिच्यावर काही म्हणजे काही लावायचं नाही, या अटीवर त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी किल्ल्या गावाच्या हाती दिल्या होत्या. आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते संघटनेच्या अध्यक्षांना, कर्टिस वाइडमनला, फोनवर शांतपणे म्हणाले, "त्या भिंतीला एक खिळा लागला, तर तुमचा गौरव तुमच्याकडेच ठेवा."

ही हकीकत कळली तेव्हा पहिल्या दिवसापासूनची ग्रंथपाल व्हर्ना लिंडाल त्याच भिंतीवरच्या एका खिळ्याला कुणाचा तरी हरवलेला हातमोजा अडकवत होती.

भिंत कोरी कधीच नव्हती. उद्घाटनाला पंधरा दिवस झाले नाहीत तोच मुलांची चित्रं लागली. मग मेथडिस्ट चर्चच्या बायकांच्या गोधड्या, हरवलेले हातमोजे, मासेमारीच्या स्पर्धेचे फोटो. पण कांगासांना हे सांगणार कोण? या सरोवराकाठी यजमानीणीचं हॉटडिश ओव्हनमध्ये करपलं तर लोक दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि वर कृती विचारतात. तोंडावर खरं बोलणं हा इथे उद्धटपणाच.

म्हणून एक व्यवस्था ठरली होती. कांगास कुणा पाहुण्याला भिंत दाखवायला निघाले, की त्यांची बायको डेल्मा ग्रंथालयात फोन करायची. "निघालाय," एवढंच म्हणायची. ते गाडीवरचा बर्फ खरवडेपर्यंत सगळं खोक्यांत भरून मागच्या खोलीत जायचं. खिळे काढायचे, भोकांत साबण घासायचा. कांगास यायचे, भिंतीपुढे टोपी काढून उभे राहायचे आणि पाहुण्याला म्हणायचे, "बघा, एवढ्या वर्षांत कुणी हात लावला नाही." अशा वेळी व्हर्नाला त्यांच्यावर माया करावीशी वाटायची आणि टेबलाखाली लपावंसंही.

शेवटी तडजोड झाली. पाटी तूर्त तिवईवर ठेवायची, समारंभ भिंतीसमोर करायचा.

"भिंतीचं काही कळलं, तर तो मंचावर चढायचाच नाही," आदल्या दिवशी डेल्मा फोनवर म्हणाली. "आणि त्याने हा मान घेतलेला मला बघायचाय गं. पुढच्या वर्षी आम्ही दोघं असू, असं डॉक्टर काही लिहून देत नाही."

व्हर्नाने दोन वड्या साबण संपवला.

एका गोष्टीचा विचार मात्र कुणीच केला नव्हता. कांगास पाहुण्यांना नेहमी सकाळी, वाचकांची गर्दी नसताना आणायचे. कर्टिसने फोटो चांगले यावेत म्हणून समारंभ दुपारी ठेवला. आणि छताला भिंतीलगत जी अरुंद काच होती, ती कांगासांनी मुद्दाम अशी बसवली होती, की भर दुपारी ऊन भिंतीवरून तिरपं उतरावं आणि विटेचा प्रत्येक चढउतार दिसावा.

कर्टिसचं भाषण लांबलं. ऊन भिंतीवर आलं. साबणाचा ठिपका न् ठिपका भिंतीवर चमकू लागला. देवी येऊन गेलेल्या माणसाने पावडर लावावी, तशी भिंत दिसू लागली.

कांगास बोलायला उठले ते मंचाकडे गेलेच नाहीत. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरून तळवा फिरवला, बोट नाकाशी नेलं.

"साबण," ते म्हणाले.

एका बाईंनी त्यांना कॉफी हवी का विचारलं.

व्हर्ना उभी राहिली. "माझं काम आहे, मिस्टर कांगास. इतरांना बोलू नका."

"कधीपासून?"

"उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"आणि मी यायचो तेव्हा?"

व्हर्नाने नकळत डेल्माकडे पाहिलं. कांगासांनीही पाहिलं.

"तूसुद्धा?"

"तू कधी विचारलंस?" डेल्मा म्हणाली. "कुणी हात लावला नाही, असं दर वेळी तूच सांगत होतास. पाहुण्यांसमोर तुला खोटं पाडू?"

कांगास पुन्हा भिंतीकडे वळले. बराच वेळ भोकं बघत राहिले. व्हर्नाला वाटलं, आता टोपी घालतील आणि दाराकडे चालू लागतील.

"सगळी भोकं सांध्यांत आहेत," ते म्हणाले. "विटेत एकही नाही."

"सांधा पुन्हा भरता येतो, वीट बदलता येत नाही. किल्ल्या देताना तुम्हीच सांगितलं होतं. मी कुणाला विटेला हातोडी लावू दिली नाही. मेथडिस्ट बायकांनासुद्धा नाही."

"त्यांना अडवलंस?"

"दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हत्या. म्हणजे बोलायच्या, पण हवामानाबद्दल."

कांगासांच्या मिशा हलल्या. "मी कागदावर काढली तेव्हा ही भिंत सगळ्या कमिटीला आवडली होती," ते म्हणाले. "नंतर बघायला कुणी येत नाही म्हणून मीच पाहुणे धरून आणायचो. इथे काय काय होतं, दाखव तरी."

खोकी आली. गोधडी लागली, चित्रं लागली, हातमोज्यांची रांग लागली. कांगास भाषण विसरून मध्ये उभे राहिले. "तो मासा जरा डावीकडे. अजून. हातमोजे खाली घ्या, पोरांचा हात पोचायला हवा." मागे मांडलेलं जेवण गार झालं. तरी सगळ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"आणि पाटी?" कर्टिसने भीत भीत विचारलं.

कांगासांनी कोट अडकवायच्या खुंट्यांमागची जागा दाखवली.

"पण तिथे ऑक्टोबर ते मे कोटांमागे दिसणारच नाही!"

"जूनमध्ये दिसेल," कांगास म्हणाले. मग मंचावर जाऊन त्यांनी गौरव स्वीकारला. पहिल्या रांगेत डेल्माने टाळ्या वाजवायच्या सोडून नाक पुसलं.

पुढच्या मंगळवारी ग्रंथालयातला फोन वाजला.

"निघालाय," डेल्मा म्हणाली.

व्हर्नाचा हात सवयीने हातमोज्यांकडे गेला.

"काढू नकोस काही," डेल्मा म्हणाली. "पाणसळ घेऊन निघालाय. गोधडी तिरकी लागलीये म्हणतो. रात्रभर झोपला नाही."