घरचं वय, कागदाचं वय

पडेगावच्या श्रीनिवासरावांना दोन वयं होती. एक घरचं, एक कागदाचं. शाळेत नाव घालताना त्यांच्या भटजी वडिलांनी गुरुजींना गळ घालून दोन वर्षं कमी लावून घेतली होती. पुढं नोकरीत कामाला येतील म्हणून. आली. पैठणला कालव्याच्या ऑफिसात श्रीनिवासराव दोन वर्षं जास्त कारकून राहिले आणि अंबिकाबाईंचा पशुपतिनाथ तेवढाच लांब गेला.

लग्न झाल्यापासून बाईंचं एकच मागणं होतं, पशुपतिनाथाला जोडीनं अभिषेक करायचा. "रिटायर झालो की जाऊ," हे श्रीनिवासरावांचं ठरलेलं उत्तर. कागदानं सोडलं, तर पाठोपाठ कोरोना आला. मग गुडघे आले. मग नुसताच आळस आला, आणि त्याला तर कारणही लागत नाही.

शेवटी यंदा दिवाळीनंतर टूर ठरली. टूरवाल्या तनुजानं सगळ्यांना कळवलं होतं, की सोनौलीहून नेपाळात शिरताना पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं. नुसतं आधार चालतं ते पंधराच्या आतल्या पोरांना आणि पासष्टीच्या वरच्यांना. अंबिकाबाईंनी दोघांची मतदान कार्डं काढून ठेवली. श्रीनिवासरावांनी आपलं उचलून परत कपाटात टाकलं.

"तिथं काय मतदान करायचंय? मला सहासष्ट झाली. आधार बास."

झालीच होती. पेढेही वाटले होते. रिटायर झाल्यापासून ते घरच्याच वयात राहायला आले होते. कागदाचं वय ऑफिसच्या खुर्चीवर विसरलं होतं.

सोनौलीला जवानानं आधार पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं, मग परत आधार पाहिलं.

"चाचाजी, चौंसठ."

श्रीनिवासरावांनी टक्कल दाखवलं. गुडघे दाखवले. कवळी काढायच्या बेतात होते, पण अंबिकाबाईंनी डोळे वटारले. मग त्यांनी नाइलाजानं खरं बोलायचं ठरवलं, की ही जन्मतारीख खोटी आहे.

"मतलब, आपका आधार झूठा है?" जवानानं अदबीनं विचारलं.

श्रीनिवासरावांच्या डोळ्यांपुढं पेन्शन तरळली. "नहीं नहीं. कार्ड सच्चा है," ते म्हणाले. "मैं ही थोड़ा ज्यादा हूँ."

घरून मतदान कार्डाचा फोटो मागवावा तर तो चालत नव्हता, आणि चालता तरी कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात होती. तनुजानं हद्दीच्या अलीकडं त्यांना खोली बघून दिली, परतताना बस घेऊन जाईल म्हणाली. अंबिकाबाई म्हणाल्या, मीपण थांबते. ते मात्र श्रीनिवासरावांना सोसलं नाही. इतकी वर्षं थांबवलंच होतं की.

"जा तू," ते म्हणाले.

बाईंनी पूजेच्या पिशवीतून एक सुपारी काढली आणि पदराच्या गाठीत बांधायला घेतली. ती कुणाच्या जागी, हे भटजीच्या पोराला सांगायला नको होतं.

"अगं, बायको नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. नवऱ्याच्या नाही."

"मग नवरा नसला तर काय ठेवतात?"

हे वडिलांनी शिकवलंच नव्हतं. बाईंनी गाठ आवळली. बस गेली. सुपारीला कुणी कार्ड मागितलं नाही.

श्रीनिवासराव रोज चहाच्या टपरीवर बसून हद्दीवरच्या कमानीकडं बघत. एक बोकड सकाळी परदेशी जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. चहावाला त्यांना वय विचारायचा, तेव्हा ते आणखी एक चहा सांगायचे. त्या जादा दोन वर्षांचा पगार कशात गेला, ते त्यांना खूप आठवूनही आठवलं नाही.

बस परतली. अंबिकाबाई शेजारी जागा करून सरकल्या. अभिषेक कसा झाला, असं श्रीनिवासरावांनी विचारलं.

"छान झाला. सुपारी मधे मधे बोलली नाही." मग त्या खिडकीकडं वळल्या. "पहाटे बर्फाचे डोंगर दिसले. एकदम दिसले हो. मी तुमचा हात धरायला गेले."

"मग?"

बाईंनी पदराची गाठ सोडली आणि सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली. तिला चंदन लागलेलं होतं. श्रीनिवासरावांनी मूठ मिटली. बस गोरखपूरच्या रस्त्याला लागली तरी त्यांनी ती उघडली नाही.