कुणीतरी दिलेली वाईन

मी वाईन बोलतेय. लाल, जर्मन आणि स्वस्त. स्वस्त म्हटलं की तुम्ही नाकं मुरडता, म्हणून आधीच सांगून टाकते. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म वाल्डॉर्फजवळच्या एका टेकडीवरचा. क्लाइन नावाच्या म्हाताऱ्यानं मला घडवलं. तीन जातींची द्राक्षं, प्रत्येकीची वाईन वेगळी मुरवायची, मग चाखत चाखत एकमेकींत मिसळायची. आयुष्य गेलं त्याचं यात. मेळ बसेपर्यंत तो कुणाशी धड बोलतही नसे. पण मला महाग विकणं त्याच्या मनात नव्हतं. शेजारपाजारच्यांनी रोजच्या जेवणाबरोबर प्यावी, एवढीच त्याची इच्छा.

एका शनिवारी ऊर्मिला सायकलवरून आली. मूळची पुण्याची, इथं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. म्हाताऱ्यानं तिला चार-पाच वाईन चाखायला दिल्या. माझ्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, हिच्याबरोबर आमचं मटण छान लागेल. म्हातारा खूश झाला. मीही झाले. तिनं मला विकत घेऊन घरी आणलं.

घरी तिचे सासू-सासरे पुण्याहून आलेले. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, गुरुदत्तनं, मला उघडलं.

"ऑफिसात कुणीतरी दिली, बाबा."

कुणीतरी! वर मखलाशी काय, तर हलकीच आहे, उद्या चांगली आणतो. माझ्या तळाची आग तोंडापर्यंत गेली.

सासरे, पद्माकरराव, साधा माणूस. त्यांनी सरळ विचारलं, "ऊर्मिला घेते का?"

"छे, ती नाही घेत."

ऊर्मिला स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. तिनंही मान हलवून दुजोरा दिला. खरं सांगते, गुरुदत्तपेक्षा मला तिचाच जास्त राग आला. मीटिंगमध्ये भल्याभल्या जर्मनांना गप्प बसवते ही बाई, आणि घरात सासूबाई समोर असल्या की हिला स्वतःची आवडनिवडच नाही.

बापलेक पेले भरत राहिले. मी कमी कमी होत गेले. शेवटी गुरुदत्तनं मला तिच्या हातात दिलं. म्हणाला, उरलेली मटणात घालून टाक.

तिनं मला पातेल्यावर तिरकं धरलं. मी जीव तोडून ओरडत होते, पण बाटलीचं ओरडणं कुणाला ऐकू जातंय? थोडीशी रश्श्यात पडले. वाफेबरोबर माझा वास तिच्या नाकात गेला आणि तिचा हात थांबला. तिनं गॅस बारीक केला, काचेचा पेला काढला, मला त्यात ओतलं आणि बाहेर जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसली.

गुरुदत्तनं विचारलं, "बाबांसाठी आणलीस का?"

"नाही. ही माझी आहे. मीच आणलीये, मला आवडते म्हणून."

सासूबाई तिच्या पेल्याकडे बघत राहिल्या. ती सावकाश प्यायली, म्हाताऱ्यानं शिकवलं होतं तशी, प्रत्येक घोट तोंडात घोळवत.

तुम्ही म्हणाल, झालं ना मनासारखं, आता सोड राग. नाही सोडत. पेलाभरच उरले होते मी. अख्खी बाटली तिची होती.