अध्यक्षांच्या मिशीतली फुलपाखरं

चित्रकलेच्या खोलीचं दार ढकलताच कृष्णातनं नाकाला रुमाल लावला. आत आंबूस, कुजका वास कोंडला होता. सातवीची पोरं जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि त्यांच्यापुढं वर्तमानपत्रावर फुलपाखरांच्या पंखांचे ढीग होते. पिवळे एकीकडं, नारिंगी एकीकडं, निळे तिसरीकडं. कोपऱ्यातल्या घमेल्यात पंख कापलेली अंगं टाकली होती. वरची काही अजून पाय हलवत होती आणि त्यांच्यावर मुंग्या चढत होत्या.



"या, या सर!" चित्रकलेचे सयाजी मास्तर खुशीत होते. डिंक आणि पंखांची भुकटी चिकटून त्यांच्या बोटांवर काळं कीट चढलं होतं. त्याच बोटांनी त्यांनी चहाची बशी उचलली. "तुमची पोरं म्हंजे सोनं हायत बघा. नुसता पंख दावला की जात सांगत्यात. मला काय कळणार त्यातलं?"

भिंतीला टेकून पुरुषभर उंचीचा पुठ्ठा उभा होता. त्यावर शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष बाळासो उमटत होते. पिवळ्या पंखांचा फेटा, नारिंगी पंखांचे गाल, काळ्या पंखांच्या मिशा. नव्या इमारतीच्या उद्घाटनाला हे चित्र त्यांना भेट द्यायचं होतं.

कडेगावच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला ही शाळा. बहात्तरच्या दुष्काळात तिथला ओढा आटला, तेव्हा रुईच्या झुडपावरसुद्धा फुलपाखरू दिसत नव्हतं. पुढचे पावसाळे बरे गेले आणि ती परत आली. सांगलीहून नव्यानं आलेला कृष्णात विज्ञानाच्या तासाला पोरांना ओढ्यावर न्यायचा. पुस्तकातली इंग्रजी नावं जिभेला वळेनात, म्हणून पोरांनीच नावं पाडली. नारिंगी, पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे ठिपके, तो रुईवाला. दिसायला अगदी त्याच्यासारखा, पण मागच्या पंखावर तीन-चारऐवजी काळा ठिपका एकच, तो सोंगाड्या. काळ्या पंखावर फिकट पिवळा पट्टा आणि मागं दोन-दोन शेपट्या, तो दोनशेपट्या. पंख मिटले की चिमटीत हलकं धरायचं, ठिपके बघायचे आणि सोडायचं, असं कृष्णातनं शिकवलं होतं. सयाजी मास्तरांनी त्यातलं शेवटचं तेवढं गाळलं.

"सर, ह्यो सोंगाड्याच हाय न्हवं?" तानुबाई नावाच्या पोरीनं एक पंख त्याच्यापुढं धरला. "सयाजी सर म्हणत्यात रुईवाला. म्या म्हटलं, ठिपका एकच हाय."

पोरीनं बरोबर ओळखलं होतं. कृष्णात शाबास न म्हणता वळला.

तो तडक मुख्याध्यापक आप्पासोंकडं गेला.

"हे थांबवा, सर. किळस येते."

"किळस?" आप्पासो हसले. "कोंबड्याचा रस्सा वरपताना येती का? आवं, तुमाला कायम करायचं का न्हाई ते सायबांच्या हातात हाय. म्या तर तुमचंच नाव घातलंय. चित्रात कुठली कुठली फुलपाखरं हायत, ते तुमी माईकवर सांगायचं. सायेब खूश, तुमी कायम. मिटलं!"

सांगलीत आई आणि लग्नाच्या बहिणी त्याच्या पगारावर होत्या. कृष्णातनं माईकवर बोलायचं कबूल केलं.

उद्घाटनाच्या दिवशी चित्रावरचा पडदा निघाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बाळासोंनी चित्रातल्या स्वतःच्याच गालावरून बोट फिरवलं. बोटाला भुकटी लागली, ती त्यांनी जिभेनं ओली करून धोतराला पुसली आणि माईककडं हात केला. "हं, बोला मास्तर."

नुसती नावं सांगून खाली उतरायचं, असं कृष्णात ठरवून आला होता. पण ते चाटलेलं बोट बघून त्यानं बेत बदलला.

"साहेबांचा फेटा पिवळ्या फुलपाखरांचा आहे," तो म्हणाला. "ओढ्याकाठी बैल मुततात, त्या ओलीवर ही थव्यानं बसतात."

पोरांत खसखस पिकली.

"गाल रुईवाल्याचे. त्याच्या अंगात रुईचं विष असतं. पाखरानं खाल्लं तर ते ओकतं."

आप्पासो मागून त्याचा सदरा ओढू लागले.

"मिशा दोनशेपट्याच्या. याला फुलं आवडत नाहीत. मेलेलं कुत्रं कुठं कुजत पडलं असेल, तिथं हा हमखास सापडतो."

मागं उभे असलेले शेतकरी फिसकन हसले. बाळासोंचा चेहरा उतरला होता, तरी त्यांनी नेट धरून विचारलं, "आन् डोळं? डोळं कशाचं हायत, मास्तर?"

"निळ्या फुलपाखराच्या पंखावरचे गोल ठिपके आहेत, साहेब. ते खरे डोळे नव्हेत. खायला येणाऱ्याला भिववण्यापुरते असतात. त्यातनं दिसत काहीच नाही."

कृष्णात खाली उतरला. नोकरी गेली हे त्याला कळत होतं, पण बोलून मोकळं झाल्यासारखंही वाटत नव्हतं. पुढच्या रांगेत त्याची पोरं चित्राकडं बोट करून भांडत होती.

"मिशीतला डावीकडचा माझा!"

"चल, लबाडा! म्या धरलाय त्यो, म्याच कापलाय!"

त्याला बघून तानुबाई उठली. तिचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"सर, फेट्यात निम्मी माझीच हायत. समदी बरोबर वळखली न्हवं आमी?"

कृष्णातनं वळून चित्राकडं पाहिलं. कुठंच चूक नव्हती. त्यानं हो म्हणून मान हलवली.