माझ्या पाठीवरचा अंबादास

मित्रांनो, बाजारात आता मला कोणी घेणार नाही. मी एक जुना रुपया आहे, निकेलचा. माझ्या एका बाजूला अशोकाचे सिंह आहेत. दुसऱ्या बाजूला एकाचा आकडा आहे आणि त्याच्या दोन्हीकडे धान्याची कणसं. त्या आकड्यावर आडवी ठोकलेली काही अक्षरं आहेत. ती टांकसाळीत उमटलेली नाहीत. ती कशी आली, तेच मला सांगायचं आहे.

टांकसाळीतून निघालो तेव्हा मी आरशासारखा चकाकत होतो. जबलपूरला आलो, आणि हात बदलत बदलत एका पगाराच्या दिवशी मोतीरामच्या हाती पडलो. मोतीराम शहरातल्या गढा वस्तीत राहायचा आणि संरक्षण कारखान्यात कामाला होता. तयार झालेल्या सुट्या भागांवर नंबर ठोकायचं त्याचं काम. पोलादाचा ठसा धरायचा आणि वरून हातोडा घालायचा. घाव एकच, पण सरळ.

त्याचा थोरला भाऊ अंबादास रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होता. चौऱ्याहत्तर सालच्या संपात तो सभांमधून बोलायचा. एका सकाळी तो नळावर पाणी भरत होता, तेव्हा जीप आली आणि त्याला घेऊन गेली. त्याची बायको कलावती चौकीवर गेली. तिथले लोक म्हणाले, “हमने किसी को नहीं उठाया.” दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, आणि महिन्यानंतरही तेच. कागदावर अंबादास कुठेच नव्हता.

कलावतीने गढ्याच्या बाजारात भाजी विकायला सुरुवात केली. बौद्ध समाजातल्या बाया हळूच म्हणायच्या, “बाई, आता पुण्यानुमोदन करून घे, गेलेल्याच्या नावानं वंदना तरी घे. माणूस काही परत येत नाही.” ती म्हणायची, “मेला म्हणून कोणी सांगितलं? ज्यानं पाहिलं त्यानं सांगावं. ऐकीव गोष्टीवर मी नवऱ्याचं पुण्यानुमोदन करत नाही.”

मग मोतीरामने घरीच पोलादाचा तुकडा घेतला. कानशीने घासून घासून त्यावर उलटी अक्षरं कोरली. ठशावर उलटी कोरली तरच नाण्यावर सुलटी उमटतात. मला त्याने ऐरणीवर ठेवलं, सिंह वर करून.

“थांबा भाऊजी,” कलावती म्हणाली. “सिंहांवर हातोडा नका मारू. ते अशोकाचे आहेत.”

“मग कुठं मारू वयनी?”

“मागून मारा. आकड्यावर.”

“मागून कोण पाहते?”

“ज्याले पाहाचं आहे तो उलटून पाहीन. अन् हिंदीत काहून कोरलं?”

“बाजार हिंदी बोलते वयनी. मराठीत विचारलं तर आपणच आपल्याले विचारून राहिलो असं होईन.”

तेव्हा कलावती पहिल्यांदा जराशी हसली. मोतीरामने मला उलटं केलं आणि हातोडा पडला. मित्रांनो, नाण्याला दुखत नाही असं लोक समजतात. त्या घावाने माझ्यावरचे सिंहही थरथरले. मला वाचता येत नव्हतं. लोकांच्या तोंडून ऐकून ऐकूनच मला पुढे कळलं की माझ्या पाठीवर ‘अंबादास कहाँ’ असं लिहिलं आहे.

माझ्यासारखे आणखी बरेच रुपये ठोकले गेले. कलावती भाजीच्या सुट्ट्यात आम्हाला एकेक करून देत असे. आम्ही शहरभर पसरलो. कोणी वाचून मान खाली घालायचा. कोणी म्हणायचा, “ये नहीं चलेगा, दूसरा दो.” ज्याला आम्ही नको होतो तो आम्हाला अंधाऱ्या कोपऱ्यात, दानपेटीत किंवा आंधळ्याच्या वाटीत टाकून मोकळा व्हायचा. पोलीसही विचारत फिरले की हे कोण ठोकतो. बाजारातल्या एकानेही मोतीरामचं नाव सांगितलं नाही. पण अंबादास कुठे आहे, हेही कोणी सांगितलं नाही.

फिरत फिरत मी जबलपूरच्याच महाराजपूर भागातल्या एका घरी पोचलो. तिथे भाऊराव आणि इंदू हे जोडपं राहायचं. दोघेही नागपूरकडचे. भाऊराव पोलिसांच्या जीपवर ड्रायव्हर होता. किराण्याच्या सुट्ट्यात मी इंदूकडे आलो होतो. तिने मला उलटून पाहिलं आणि विचारलं, “अहो, हा अंबादास कोण?”

भाऊरावच्या हातातला घास तसाच राहिला. “कोणी नाही,” तो म्हणाला आणि त्याने मला खिशात घातलं.

त्याने मला खर्चलं नाही. शर्टाच्या वरच्या खिशात मी असायचो. माझ्याच मागे त्याचं काळीज धडधडायचं. इतर खिशांत माणसाचे पैसे झोपी जातात, त्या खिशात मला झोप येत नसे.

एकदा ती दोघं बसने नागपूरला निघाली. तिलवाऱ्याच्या पुलावर बस आली तशी सगळ्यांनी खिडकीतून नर्मदेत नाणी टाकायला सुरुवात केली. इंदू म्हणाली, “तो रुपया टाका ना माईले. घरात नको तो.”

भाऊरावने मूठ खिडकीबाहेर काढली. मला खाली पाणी दिसलं. पण मूठ उघडेना.

“काय झालं?”

“इथं नाही टाकत,” तो अगदी हळू म्हणाला. “इथंच उतरवलं होतं त्याले. मी जीपमध्ये बसून होतो.”

बस पुलावरून उतरली. 

मित्रांनो, त्या दिवसापासून मला उत्तर माहीत होतं. पण माझ्या पाठीवर फक्त प्रश्न होता. मला कोणी वाचलं तरी मी विचारणारच, सांगू शकणार नाही. आपल्याला माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत राहायची, याहून वाईट शिक्षा मला माहीत नाही.

परत आल्यावर इंदू मला त्याच्या खिशातून काढून गढ्याला घेऊन गेली. अंबादासची बायको कोण, हे बाजारात कोणीही बोट दाखवून सांगत होतं. इंदूने मेथीची जुडी उचलली आणि मला आकडा वर करून पोत्यावर ठेवलं. कलावतीने पाहिलं. इंदू वाकून तिच्या कानाशी म्हणाली, “ताई, तिलवाऱ्याला. माझ्या घरच्यानं पाहिलं.”

कलावतीने माझ्यावर हात ठेवला.  मग तिने मला उचलून इंदूच्या तळहातावर परत ठेवलं.

“मेथी न्या. पैसे नको. हा रुपया त्यांच्याजवळच राहू द्या. अन् त्यांना सांगा, मी रोज इथं बसते. त्यांनी येऊन सांगावं.”

“ताई, नोकरी जाईन त्यांची. दोन पोरी आहेत आम्हाले.”

“माझा नवरा गेला, बाई,” कलावती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

इंदूने मला आणि तो निरोप पोचवल्यावर भाऊराव दर रविवारी गढ्याला यायचा. गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तिथून कलावतीची भाजीची पाटी दिसायची. मी त्याच्या खिशातून मनात ओरडायचो, चल, वीस पावलं आहेत. तो मागे फिरायचा. अशी चार वर्षं गेली. सरकारं बदलली. त्याचे केस पिकले, पोरींची लग्नं झाली आणि तो नोकरीतून सुटला. तरी वीस पावलं काही संपली नाहीत.

एका रविवारी तो पानाच्या ठेल्यावर थांबला. पानवाल्याला पैसे देताना त्याच्या हाताला मीच लागलो, आणि त्याचं लक्ष नव्हतं. पानवाल्याने मला उलटं केलं आणि ठेल्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “लो, फिर आ गया अंबादास! अरे भैया, आप ही बता दो, कहाँ है? आपको पता है क्या?”

लोक हसले. त्याला तो विनोद वाटला होता.

“हाँ,” भाऊराव म्हणाला. “मुझे पता है.”

हसू तिथल्या तिथे थांबलं.  भाऊरावने मला परत घेतलं आणि चालू लागला. ठेल्यावरची माणसं त्याच्या मागे निघाली. तो कलावतीसमोर पोत्यावर बसला. सगळ्या बाजारादेखत, मोठ्याने म्हणाला, “बाई, मी ती जीप चालवत होतो. त्याले मारलं होतं. तो पाणी मागून राहिला होता. साहेब म्हणाले, चला, पाजा त्याले पाणी. तिघं त्याले पुलाखाली घेऊन गेले. वर आले ते तिघंच.”

कलावतीने एकच विचारलं, “पायात काय होतं त्याच्या?”

“काही नव्हतं. अनवाणी होता.”

“हाव,” ती म्हणाली. “चपला घरातच राहिल्या होत्या.” मग पदर तोंडाला लावून ती रडली. पाच वर्षांत ती पहिल्यांदा रडत होती. भाऊराव उठला नाही. खाली मान घालून तो तिथेच बसून राहिला. तराजूसुद्धा कोणी हलवला नाही.

पुढे अंबादासचं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी वंदना घेतली. मोतीराम माझ्या पाठीवरचं घासून काढायला कानस घेऊन आला होता. कलावतीने त्याला अडवलं. “विचारलेलं पुसायचं नाही,” ती म्हणाली.

तेव्हापासून मी तिच्याच घरी आहे. मला आता शांत वाटायला हवं होतं, पण वाटत नाही. माझी भावंडं अजून बाहेर आहेत. कोणी नदीच्या तळाशी आहे, कोणी एखाद्या बंद पेटीत, कोणी भंगाराच्या ढिगात. उत्तर मिळालं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आकडा खाली करून ती पडली आहेत आणि अजूनही विचारत आहेत.

म्हणून मित्रांनो, एवढं करा. जुना रुपया हाती आला तर नुसते सिंह पाहून ठेवून देऊ नका. त्याला उलटा. पाठीवर अंबादासचं नाव दिसलं तर ते मोठ्याने वाचा. मग त्या रुपयाला जवळ घेऊन हळूच सांगा, “तिलवाऱ्याला.” तो बिचारा फार दिवस जागा आहे.