गोकुळाबाईची चूळ

“काकू, नुसते ई-मेलचे पत्ते तं मागून राह्यलो, किडनी नाई मागत!”

पिंटू हे इतक्या मोठ्यानं बोलला की समोरचा फुटाणेवालाही हसला. चामोर्शीच्या बाजाराचा दिवस. गोकुळाबाईचा एसटीडी बूथ गच्च भरलेला. फोन तेरा-चौदा वर्षांपासूनचा होता. कॉम्प्युटर आणि इंटरनेट दोन वर्षांपूर्वी आलं होतं. तेव्हापासून आसपासच्या गावांतली माणसं ई-मेलही तिथूनच करत. चंदा, गोकुळाबाईची मुलगी, कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती आणि सुट्टीला आईकडे आली होती.

पिंटू नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजसाठी मुलं गोळा करायचा. “सगळ्यायचे पत्ते तुमच्याजवळ हाये, काकू. एक बटन दाबलं का आमची जाहिरात घरोघरी.”

“थांब, विचारतो,” आई म्हणाली. “वारलूभाऊ, पिंटूले तुमचा पत्ता देऊ का? नर्सिंगच्या जाहिराती येतीन.”

वारलूभाऊंचा जन्म गावतळ्याच्या, बोडीच्या पाण्यात जाळं टाकण्यात गेला होता. त्यांनी पिंटूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मी आता सुया टोचाले शिकू का, बाई?”

“नाई म्हणते ते.”

“अवो, त्यायले काय समजते! पत्ता द्याले विचारा लागते, असा कोणता कायदा हाय?”

“कायदा मले नाई माहीत. ज्याचं हाय त्याले विचारा लागते. माया अंगणातली चिंच तोडताना विचारतोस का?”

“नाई विचारत.”

“मनून तं झाडावर चिंच राहत नाई.”

बाकावरची माणसं खदखदून हसली. पण आईनं ते हसण्यावारी नेलं नाही. बाजार उठेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत राहिली. दोन पोरी आनंदानं हो म्हणाल्या. त्यांचे पत्ते तिनं पिंटूला तिथल्या तिथे दिले. बाकीच्यांचे दिले नाहीत. “तुमी तं सीआयडीच्या वर हाये,” म्हणत पिंटू गेला.

ऊन उतरल्यावर वारलूभाऊंच्या मुलाचा मेल आला. प्रफुल हैदराबादला हॉटेलात होता आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. वारलूभाऊंना आकडे ओळखता येत, अक्षरं नाही. आईनं सगळ्यांना बाहेर पाठवलं, चंदालासुद्धा. मग वारलूभाऊंच्या कानाशी हलक्या आवाजात मेल वाचला. चंदाला बाहेरून नुसती कुजबुज ऐकू आली आणि शेवटी वारलूभाऊंचं नाक ओढणं.

वाचून झाल्यावर आई बाहेर आली. रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं, चूळ भरली आणि नालीत टाकली.

ती तिची रीतच होती. दुसऱ्याचं पत्र वाचलं की चूळ भरायची. “दुसऱ्याचे शब्द तोंडात ठेवू नाई,” एवढंच ती सांगे. फोनचं केबिनही असंच सांभाळलेलं. त्याचं दार कधीच नीट लागलं नाही. आत कुणी बोलायला गेलं की आई बाहेर ओट्यावर खलबत्ता घेऊन बसायची आणि मिरच्या कुटायची. ठणठण इतकी की आतलं अक्षर ऐकू येऊ नये. गावात म्हणत, गोकुळाबाईचं तिखट जितकं बारीक, तितका फोन लंबा.

सगळ्यात बारीक तिखट चंदाच्या वेळचं. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याशी ती त्याच केबिनमधून शेवटचं बोलली होती. बाहेर आली तेव्हा खलात मिरचीचं पीठ झालं होतं आणि आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीचं असेल. आईनं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. गाव म्हणायचं, चंदाला नवऱ्यानं टाकलं. कुणी खोदून विचारलं तर आई म्हणे, “ते तिचं तिले माहीत.”

त्या संध्याकाळी कॉम्प्युटर बंद करताना आई कौतुकानं म्हणाली, “गुणाचं हाय हे. पासवर्ड टाकला का विचारते, ध्यानात ठेवू का? मी सगळ्यायच्या वक्ती हो म्हणतो. लोक मले सांगून मोकळे होते, मी याले सांगून मोकळी. दुसऱ्याचं गुपित माया डोक्यात काऊन ठेवू?”

चंदानं पुस्तकातून मान वर न करता “हं” केलं. सकाळी पहिल्या बसनं ती ब्रह्मपुरीला गेली. दुपारी कॉलेजच्या फोनवर वारलूभाऊ होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः नंबर फिरवला होता. “चंदा, बाई खुर्चीवर बसल्या बसल्याच गेली वो.”

तेरावं झाल्यावर पिंटू आला. खरंच रडला. मग डोळे पुसून म्हणाला, “ताई, बूथ तं आता चालत नाई. सगळ्यायच्या हाती मोबाईल येऊन राह्यले. कॉम्प्युटर मले द्या. जसा हाय तसा. आतलं काई पुसू नका.”

तो गेल्यावर त्या शेवटच्या चार शब्दांनी चंदाला कॉम्प्युटरपुढे बसवलं. तिनं ई-मेलच्या पानावर नावाचं एक अक्षर दाबलं आणि उरलेलं माणूस आपोआप उमटलं, पासवर्डसकट. दुसरं दाबलं, दुसरं माणूस. हैदराबादच्या, सुरतच्या पोरांना लिहिणारे आईबाप, माहेरी लिहिणाऱ्या सुना, चोरून लिहिणारी कुणी. एकाही माणसाचं पत्र न उघडता तिला कळलं की आख्खं गाव बिनदाराचं झालंय. आई गुपितं आपल्याजवळ नकोत म्हणून झटत राहिली, आणि ती सगळी एका डब्यात जमा झाली होती. हा डबा पिंटूच्या हाती गेला असता.

एका झटक्यात सगळं पुसता आलं असतं. पण मग त्या माणसांना आपली पत्रंही उघडता आली नसती. पासवर्ड कुणाच्याच ध्यानात नव्हते. आईनं काय केलं असतं, हे चंदाला शोधावं लागलं नाही.

पुढच्या बाजारी तिनं बूथ उघडला. एकेकाला आत बोलावलं. “तुमचं तुम्ही घ्या. नवा शब्द टाका, मला सांगू नका.” मशीन ‘ध्यानात ठेवू का’ विचारी, चंदा ‘नाही’ दाबी. मग माणसानं बोटानं अक्षरं शोधेपर्यंत ती रस्त्याकडे तोंड करून उभी राही. दिवस त्यातच गेला. वारलूभाऊंनी नुसते आकडे टाकले. कुठले, ते त्यांनाच ठाऊक. शेवटी चंदानं मशीनच्या ध्यानातलं सगळं पुसलं.

पिंटू कमरेवर हात ठेवून बघत होता. “मंग आता याच्यात राह्यलं काय?”

“कॉम्प्युटर.”

“तो घेऊन मी काय करू?”

“तेच ना.”

पिंटू ओशाळं हसला. जाता जाता वळून म्हणाला, “माया पासवर्डबी पुसला ना, ताई?”

“तुझाच पहिला.”

वारलूभाऊ मात्र थांबले होते. प्रफुलचा मेल होता. गोकुळाबाईच्या मरणाचं कळल्यावर लिहिलेला. चंदानं बाकीच्यांना बाहेर काढलं आणि वारलूभाऊंच्या कानाशी हळूहळू वाचला. मग बाहेर येऊन तिनं चूळ भरली. वारलूभाऊंनी ते पाहिलं. “बाईच वाटली,” म्हणाले, आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागले.

बाजार उठला. फुटाणेवाल्यानंही पाल गुंडाळलं. चंदानं वायर काढून कॉम्प्युटरवर आईचं जुनं लुगडं टाकलं. ओट्यावर खलबत्ता तसाच होता, तळाला लाल धूळ. ती त्याच्याशेजारी बसली. आईसारखाच तिचा हात तांब्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला. आता बोलायचं होतं ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, मोठ्यानं, आईच्याच बोलीत, “त्यानं नाई टाकलं मले. त्या दिवशी फोनवर मीच म्हटलं, मी येत नाई.”